रातांब्यांचा हिशेब

२ मे, दापोली
सकाळी ४० किलो रातांबे (कोकमाची फळं) आले. कृषी पदवीच्या आठव्या सत्रातला 'ईएलपी' म्हणजे आम्हा सहाजणांचा स्वतःचा धंदा : माल आम्ही घ्यायचा, बनवायचा, विकायचा, नफ्यात वाटा आमचा. फोडून बिया काढल्यावर २० किलो साल उरली. अमृतकोकमासाठी बरण्यांत सालीचा थर, वर साखरेचा. साखर सालीच्या दुप्पट. बोटं अजून लालजांभळी आहेत.

५ मे
ढवळणं चालू. सोलापूरच्या मित्राला आज आगळ आणि अमृतकोकममधला फरक कळला : आगळ मिठातलं, हे साखरेतलं.

९ मे
सात दिवसांनी गाळलं. रिफ्रॅक्टोमीटरवर विद्राव्य घटक ६८ टक्के. फळाच्या सिरपला किमान ६५ लागतात, म्हणून हायसं वाटलं. ७०० मिलीच्या ५० बाटल्या झाल्या. फळं १६०० रुपये, साखर १७६०, जिरं-मीठ १००, बाटल्या-झाकणं-लेबलं ९००. बाटलीमागे ८७ पडले. किंमत १०० लावली.

१२ मे
मुरुडच्या किनाऱ्यावर दोन दिवसांत सगळा माल संपला. आनंदाने वही सरांपुढे ठेवली. त्यांनी एकच विचारलं, "मजुरी कुठाय?"
"आम्हीच केलं ना, सर."
बोलले आणि जीभ चावली. हमीभावाच्या खर्चात घरच्या माणसांची मजुरीही धरतात, हे पेपरात लिहून मी पूर्ण गुण घेतले होते. फोडणं, ढवळणं, भरणं मिळून पाच रोज, ४०० प्रमाणे २०००. बाटलीमागे आणखी ४०. म्हणजे १२७ची बाटली आम्ही १००ला दिली.

रात्री घरी फोन केला. आई दर मे महिन्यात ओटीवर बसून रातांबे फोडते, सोलांना रसाची पुटं देऊन वाळवते, आणि व्यापारी सांगेल त्या भावाला आमसुलं घालते.
"किलोभर फोडायला किती वेळ लागतो गं?"
"घरचंच काम ते. त्याला कसला वेळ?"
मला झोप येईना. ईएलपी आठव्या सत्रापर्यंत का थांबवतात? पहिल्याच वर्षी हवा.

१४ मे
दुसरी खेप लावली. किंमत १४०. बियाही वाळत टाकल्यात, मुठेलासाठी, म्हणजे त्यांच्या तेलासाठी, विकायच्या. पहिल्या खेपेच्या आम्ही खड्ड्यात टाकल्या, त्याची हळहळ वाटते. पश्चिमेला ढग दिसतायत. पाऊस लागला की झाडावरचे रातांबे गेले.

१६ मे
आईचाच फोन. "काल घड्याळ समोर ठेवून बसले. पाच किलोला दीड तास लागला. लिहून ठेव."