जानोशातला माठ

वऱ्हाडात मुलीकडच्यांची पहिली पारख जानोशात होते. जेवणावळ, मानपान, आहेर हे सगळं नंतर. जानोसा म्हणजे वरपक्षाला उतरायला लग्नापुरतं मागून घेतलेलं कुणाचं तरी घर, नाहीतर शाळेच्या खोल्या; तिथं सतरंज्या, गाद्या, कोपऱ्यात माठ, खिडकीत आरसा आणि कंगवा, खोबरेल तेलाची बाटली, साबणाच्या वड्या, पावडरचा डबा, पानसुपारीचं ताट. नवरदेवाच्या मामाला दाढीसाठी गरम पाणी वेळेवर मिळालं नाही, एवढ्यावरून मांडवापर्यंत पोचलेले रुसवे आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगितले जातात. आणि एखाद्या जानोशात सुई-दोरा सापडला, तर त्याचीही आठवण तितकीच टिकते. पाहुण्याचं बटण ऐनवेळी तुटणार, हे आधीच सुचलेलं घर!

हे आठवायचं कारण माझी मावशी. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीला ती माडीवरच्या दोन खोल्या एक-दोन रात्रींसाठी भाड्यानं देते. सरकार ज्याला ‘निवास व न्याहरी’ म्हणतं, त्यातलाच प्रकार, पण पाटी नाही. कालंका देवीचं हेमाडपंती देऊळ पाहायला कुणी येतं. तिथला शिलालेख शके १०९८चा, म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वीचा. कुणी काटेपूर्णा अभयारण्यासाठी, महानच्या धरणावरचे पक्षी बघायला येतं. बाकी बहुतेक लग्नाचे, नाहीतर नवी नोकरी लागून घर शोधणारे. मावशीनं खोली लावली ती जानोसा लावावा तशीच. तिला दुसरी रीत ठाऊक नाही.

शहरातल्या खोल्यांत मी बोटभर शाम्पूच्या पुड्या, चहाच्या पिशव्या, दुधाची पावडर आणि बिस्किटांचा एवढासा पुडा पाहिला आहे. सोबत छापील कागद: हे सारं आपल्यासाठी विनामूल्य. आता विनामूल्य म्हणजे भाड्यात धरलेलं, हे पाहुण्यालाही कळतं आणि मालकालाही. मला खटकतो तो कागद. दिलेल्या गोष्टीची जाहिरात केली की घेणाऱ्याला ओशाळं वाटतं. मावशीच्या टेबलावर झाकलेल्या ताटलीत गूळ आणि भाजलेले शेंगदाणे असतात, डब्यात मुरमुऱ्याचा चिवडा, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, आणि दोन कांदे. कांदे पाहून पुण्याची मंडळी गोंधळतात. मग ती सांगते, “खिशात ठेवा जी, ऊन नाही लागत.” याला शास्त्राधार विचारू नये, मी विचारला नाही.

उन्हाचं म्हणाल तर अकोल्याचा मे महिना कुणाला नव्यानं सांगायला नको. २०२४च्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं. दंगलीसाठी ठेवलेलं कलम सूर्यासाठी वापरावं लागलं. कामगारांना पिण्याचं पाणी द्या, पंख्यांची सोय करा, शिकवणीचे वर्ग भर दुपारी भरवू नका, असं त्या आदेशात होतं. पाणी देणं हा सरकारी हुकूम झाला. अशा मुलखात पाहुण्याच्या खोलीत आणखी काय ठेवावं, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. इथून उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा लागतो. तिथं विहीर भरलेली असते आणि पाणी तोंडात धरवत नाही. महानच्या धरणाचं गोड पाणी अकोला शहर पितं. गोड पाण्याचा तांब्या पुढं करणं म्हणजे काय, हे या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

तरी मावशीच्या माठाला हल्लीचे पाहुणे हात लावत नाहीत. वाळ्याची जुडी टाकलेलं गार पाणी बाजूला ठेवून सीलबंद बाटली मागतात. ती चिडते. मलाही वाईट वाटायचं, पण आता मी त्या बाटलीची बाजू घेतो. जुन्या पाहुणचाराचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट सोयीनं गाळतो. तो माठ सगळ्यांसाठी नव्हता. काहींना घरात घेऊन भांडं, काहींना ओट्याखाली उभं करून ओंजळीत वरून धार. आपलं वऱ्हाडी आदरातिथ्य जातीची चौकशी करूनच तांब्या उचलत असे. प्लास्टिकच्या बाटलीला रूप नाही आणि पुढं तिचा कचरा होतो. पण ती आडनाव विचारत नाही.

आडनाव न विचारता सोय करणारा माणूसही आमच्याच मुलखातला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. ज्यांना पंढरीत कुणी टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः अंगावर चिंध्या, हातात खराटा. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. तिथं येणाऱ्याला शाम्पूच्या पुडीचं काय अप्रूप? अंथरायला जागा, स्वच्छ मोरी आणि परवडेल असं जेवण, एवढ्यानं तो हिंडून थकलेला माणूस खाली बसतो.

मावशीनं अलीकडं दोन्ही ठेवायला सुरुवात केली आहे: माठही, बाटल्याही. सुई-दोरा ड्रॉवरमध्ये असतो. खोली सोडताना एका पाहुण्यानं शेंगदाण्याचे पैसे टेबलावर ठेवले, ते तिनं जिन्यापर्यंत धावत जाऊन परत केले आणि वर दोन दिवस धुसफुसत राहिली. तिचा हिशेब साधा आहे. भाडं खोलीचं, खाणं घरचं.

तेव्हा मे महिन्यात बार्शीटाकळीला यायचं झालं तर अकोल्याहून सकाळचीच गाडी पकडा. साबण-तेल आणू नका, डोक्याला बांधायला दुपट्टा मात्र आणा. आणि माठातलं पाणी रोज पहाटे बदललेलं असतं. निदान एक पेला पिऊन बघा.