पाहुणी की घरची?



माझी तीसेक वर्षे आंब्याच्या कलमांखाली गेली. मोहोरावरचे तुडतुडे बघायला गेलो की कुणीतरी विचारतेच, "साहेब, ही पाखरे आपलीच की बाहेरची?" त्याचे उत्तर पाखराच्या अंगावरच असते.

साळुंकी तुम्हां सर्वांच्या ओळखीची. ती बारमाही घरची. तिच्याच कुळातली गुलाबी अंगाची भोरडी, म्हणजे पळसमैना, थंडीत थव्याने पांगाऱ्या-सावरीवर उतरते. तिची घरटी पार मध्य आशियातल्या गवताळ मैदानांत. दोघींना उडताना खालून बघा. साळुंकीचा पंख रुंद, टोकाला गोलसर. फांद्याफांद्यांतून झटकन वळायला तो बरा. भोरडीचा टोकदार, कारण लांबच्या पल्ल्याला तसा पंख कमी दमवतो.

जाणकार हेच पट्टीने मोजतात. पंख मिटवून वळणापासून सर्वांत लांब पिसाच्या टोकापर्यंतचे माप घेतात. आतल्या पिसांच्या पुढे बाहेरची पिसे किती जातात, तेही बघतात. प्रवासी पाखरात ती बहुधा जास्त पुढे जातात. मग वजन करतात. लांब जाणारी काही लहान पाखरे निघण्यापूर्वी इतकी चरबी साठवतात, की वजन जवळजवळ दुप्पट होते. गळ्याच्या खळगीत पातळ कातडीखाली ती पिवळसर दिसते. मात्र एकाच मापावर निकाल देऊ नये. तुलना एका कुळातल्या पाखरांचीच करावी.

हे वाचून मुलांनी बेचकी किंवा जाळे घेऊ नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवान्याशिवाय पाखरे धरता येत नाहीत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अलींच्या पुढाकाराने 1959 पासून हजारो पाखरांच्या पायांत कडी घातली. मेलेल्या पाखराच्या पायात असे कडे दिसले, तर त्यावरचा नंबर, गाव आणि तारीख सोसायटीला जरूर कळवा.

आणि एक सांगणे. मार्च-एप्रिलमध्ये भोरड्या परत निघतात. वाटेची शिदोरी त्यांना अंगावरच बांधून न्यावी लागते, आणि ती इथे, तुमच्या बांधावर भरते. पांगारा लाकडाला कुचकामी म्हणून तोडू नका. त्यावर मिरीचा वेल चढवा. मिरी तुम्हाला, फुलातला मध पाहुणीला.