उर्वरित

आमच्या घरी माणूस स्वतःलाही 'हम' म्हणतो. त्यामुळे मराठीत लिहायला बसलं की 'मी' लवकर येत नाही, 'आम्ही' येतं. इथं मात्र ते खरोखरच आम्ही आहे, कारण आम्ही तिघी होतो. तिघी हिंगणघाटच्या, उर्दू शाळेत एका बाकावर बसलेल्या. 2008 साली तिघींनाही अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मंजूर झाली. योजना तेव्हा नवीच होती, 2007-08 पासूनची. 50 टक्के गुण हवेत, घरचं उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं आणि 30 टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी. उत्पन्नाच्या अटीत आम्ही अभ्यास न करताच पास होतो. एकीचे अब्बा जिनिंगमध्ये हमाल, दुसरीचे शिलाई मशीनवर, तिसरीचे हयात नव्हते.

पैसे परीक्षा उरकल्यावर आले, ते सोडा. पण यादी लागली त्या दिवसापासून कॉलेजात आम्ही 'स्कॉलरशिपवाल्या' झालो. म्हणजे घेणाऱ्या. ते टोचायचं. म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेत नावं दिली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. सरकारकडून घेतो, तर गावाला काही देऊ, असा जोम होता. परक्या गावात मुली रात्री राहणार म्हणून घरी जे व्हायचं ते झालंच. शेवटी तिसरीच्या अम्मीने सोडवलं. "तिघी एकाच सतरंजीवर झोपतील," एवढंच ती म्हणाली.

जानेवारी 2009. समुद्रपूर तालुक्यातलं एक खेडं, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम. सकाळी नाली खोदायची, दुपारी घरोघर जाऊन संडास, पाणी, शेती यांची माहिती फॉर्मवर भरायची. तिसऱ्या दिवशी एका घरी मावशी तूर झोडपत होती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. कसा गेला, ते आम्ही विचारलं नाही. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी 2006 च्या जुलैत पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. आमच्याकडे तो प्रश्न कोणी विचारत नसे.

फॉर्म भरून झाला तशी मावशी आत गेली आणि बँकेचा घडी केलेला कागद घेऊन आली. "पोरीहो, तुमी शिकल्या-सवरल्या. हे वाचून सांगा जरा. पोराले समजत नाही, अन् दुसऱ्याले दाखवाची लाज वाटते."

कागदावर ठळक अक्षरांत होतं, 'कृषी कर्जमाफी व कर्ज सवलत योजना, 2008'. आम्ही तिघींनी डोकी एकत्र करून वाचलं. कर्ज आमचाच शब्द. माफी आमचाच. सवलत म्हणजे आपली सहूलत. रक्कम, मुदत, सगळे ओळखीचे. मधे 'उर्वरित', 'परतफेड', 'पात्र' असे शब्द आले, त्यांच्यावरून आम्ही उडी मारून पुढे गेलो. बाजारात, बसमध्ये आम्ही मराठी फडाफडा बोलतो, पण असं मराठी कधी कोणी आमच्याशी बोललंच नव्हतं.

"माफ झालं, मावशी," आम्ही सांगितलं.

ती थोडा वेळ सुपाकडे पाहत राहिली. मग गूळ-शेंगदाणे आणले. बैलजोडी विकायला काढली होती, ती आता राहू देते म्हणाली. शेजारणीला हाक मारून तिलाही सांगितलं. आम्ही तिघी शाळेकडे परतताना हवेत होतो. 240 तासांतला हाच खरा तास, असं एकीने म्हटलंसुद्धा.

रात्री शिबिरात प्रत्येक गटाने दिवसाचं काम सांगायचं असे. आम्ही अभिमानाने सांगितलं. सरांनी विचारलं, "जमीन किती त्यांची?" फॉर्म आमच्याकडेच होता. सात एकर. सर काही क्षण बोलले नाहीत. मग समजावलं. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत. त्यापुढच्या शेतकऱ्याला 25 टक्के सवलत, तीही उरलेले 75 टक्के मुदतीत भरले तर. मावशीची थकबाकी 96 हजार होती. म्हणजे 30 जूनच्या आत 72 हजार भरायचे, तेव्हा 24 हजार सुटणार. आणि आम्ही तिचे बैल थांबवून आलो होतो.

त्या रात्री सतरंजीवर कोणी झोपलं नाही. सर म्हणाले, सकाळी मी जाऊन सांगतो. ते मोठ्या मनाने म्हणाले, पण आम्हीच जायचं ठरवलं. एकीने तर नाली खोदायच्या निमित्ताने मागे राहण्याचा प्रयत्न केला. कोणी, ते इथं लिहीत नाही. ती हे वाचणार आहे.

मावशी अंगणातच होती. आम्ही सांगत होतो आणि ती ऐकत होती. मधे तिने एकदाच विचारलं, "किती म्हणलं?" आम्ही पुन्हा सांगितलं, बहात्तर. "मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "एवढ्या सुदं कोण सोडते?" चिडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि एका प्लास्टिकच्या पिशवीतून आणखी कागद घेऊन आली. विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, पोराच्या दाखल्याचा अर्ज. "आता आल्याच हाय तर हे बी वाचा. पण दमानं."

आम्ही दमानं वाचले. अडलेला शब्द वहीत उतरवून सरांना विचारत गेलो. शिबिराच्या उरलेल्या दिवसांत दुपारी तिथंच बसलो, आणि शेजारणीही कागद घेऊन येऊ लागल्या. बैल विकले गेले. ते आम्ही असतानाच नेले.

पुढे बी.एड.ला 'वर्धा योजना' हमखास प्रश्न होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद, तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामियाचे डॉ. झाकीर हुसेन. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, हस्तोद्योगाच्या आधाराने, मातृभाषेतून. आपल्या जिल्ह्याचं आणि आपल्या माणसाचं नाव एकाच उत्तरात येतं म्हणून आम्ही ते फार प्रेमाने लिहायचो. आजही मातृभाषेच्या बाजूचेच आहोत. गणित आम्हाला उर्दूतून कळलं, दुसऱ्या भाषेतून कळलं नसतं. आमचं भांडण आहे ते मराठीच्या तासाशी. कविता पाठ, प्रश्नोत्तरं पाठ, मार्क मिळाले, संपलं. शेजारणीच्या दारात लागेल ते मराठी त्यात कुठं होतं?

तिघींपैकी एक नागपूरला सासरी आहे, एक दवाखान्यात नोकरी करते, आणि लिहिणारी उर्दू शाळेत शिकवते. पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2022 मध्ये बंद झाली. तरी पालक अजून फॉर्म विचारायला येतात आणि येताना दुसरेही कागद घेऊन येतात. आठवड्यातून एक तास आम्ही मुलींना तेच वाचायला देतो. नगरपालिकेच्या नोटिसा, रेशनचे कागद, बँकेची पत्रं. मुख्याध्यापकांना ते फारसं पटलेलं नाही. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणतात, आणि पडतोही.

मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीने अब्बांच्या ऑटोच्या कर्जाचा कागद आणला होता. शीर्षक खणखणीत वाचलं. दुसऱ्या ओळीत अडखळली, बोट शब्दावर तसंच ठेवून तिने वर पाहिलं.

"मॅडम, ये लफ्ज नहीं आता. आगे बढूँ?"

"नको," आम्ही म्हणालो. "थांब तिथंच."