वाणगांवचा ओहोळ आणि बालवीरांची सेवा

मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीनें विरार सोडलें म्हणजे प्रवासाचा रंग पालटतो. वैतरणेची खाडी ओलांडल्यावर सफाळें, केळवें रोड, पालघर, उमरोळी, बोईसर अशीं स्थानकें एकामागून एक येतात, आणि बोईसरच्या पुढें व डहाणू रोडच्या अलीकडे वाणगांव लागतें. 2013 सालीं उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत जाऊं लागल्यापासून हें गांव मुंबईकरांस पूर्वींपेक्षां जवळचें झालें आहे. तरीहि केवळ पाहण्याच्या हेतूनें येथें उतरणारा प्रवासी विरळाच.

वाणगांव डहाणू तालुक्यांत आहे. हा तालुका पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. 1 ऑगस्ट 2014 पासून तो नव्या पालघर जिल्ह्यांत गेला. गांवाच्या पश्चिमेस चिंचणीचा समुद्रकिनारा आहे. चिंचणीच्या खाडीपलीकडे तारापूर. तेथील किल्ला 1739 सालीं चिमाजीअप्पांच्या सैन्यानें पोर्तुगीजांपासून घेतला, आणि देशांतील पहिलें अणुवीज केंद्र 1969 सालीं त्याच परिसरांत चालूं झालें. वाणगांवच्या भोंवतीं भाताचीं खाचरें व मिरचीचे मळे आहेत. पूर्वेकडे जावें तसतशी जमीन चढत जाते, आणि टेकड्यांच्या कुशींत वारली बांधवांचे पाडे दिसूं लागतात.

या भागांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. असें असूनहि फाल्गुन उजाडला कीं पाड्यांवरील बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्याच्या शोधांत निघतात. हें कोडें नवख्या माणसास उलगडत नाहीं. टेकड्यांवर मातीचा थर पातळ, खालीं कातळ, उतार मोठा आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यामुळें पडलेलें पाणी मुरण्यापूर्वींच वाहून जातें. सूर्या नदीवर धामणी येथें मोठें धरण आहे. त्याचें पाणी कालव्यांनीं सखल शेतांस मिळतें, नळांनीं वसई-विरारसारख्या शहरांसहि जातें. परंतु जो पाडा कालव्याच्या वरच्या अंगास आहे, त्याच्यापर्यंत तें पाणी चढून जाणार कसें?

आमच्या परिचयाच्या एका शाळेच्या बालवीरपथकानें दिवाळीच्या सुटींत अशाच एका पाड्यावर पांच दिवसांचें शिबिर केलें. पथकाच्या स्काउट मास्तरांनीं आग्रह केल्यावरून आम्हीहि बरोबर गेलों. तेथें जें पाहिलें तें घरोघरच्या आईबापांस व आजीआजोबांस विचार करण्याजोगें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम बालवीर चळवळीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. 1907 च्या ऑगस्ट महिन्यांत बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचें पहिलें शिबिर भरविलें. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुलें होतीं, तशींच कामकरी वर्गांतीलहि होतीं, आणि सर्व एकाच शिबिरांत राहत. हिंदुस्थानांत मात्र 1909 सालीं ही चळवळ आली ती केवळ युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं. आपल्या मुलांस तींत प्रवेश नव्हता. ही अडचण दूर करण्यास जे पुढें सरसावले त्यांत नागपूरचे विव्हियन बोस हे एक होत. पुढें सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झालेल्या या गृहस्थांनीं 1913 च्या सुमारास मध्यप्रांतांत हिंदी मुलांकरितां बालवीरांचें कार्य सुरू केलें. उत्तरेंत श्रीराम बाजपेयी, पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनीं, आणि मद्रासेकडे ॲनी बेझंट यांनीं आपापल्या संस्था उभारल्या. या निरनिराळ्या संस्था 7 नोव्हेंबर 1950 रोजीं एकत्र होऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था झाली. ज्या चळवळीचें दार आपल्या मुलांस एकदां बंद होतें, तिचा गणवेष आज आपला मुलगा घालतो. म्हणून आपणहि कोणास दाराबाहेर ठेवीत नाहीं ना, हें पाहण्याचें कर्तव्य त्याजवर अधिकच येतें.

आमच्या पथकांत सहा-सहा मुलांचे चार संघ होते. पाड्यावरील शाळेच्या ओसरीवर मुक्काम होता. स्वयंपाक, पाणी, झाडलोट हीं कामें संघांनीं पाळीपाळीनें करावयाचीं. सेवेचें काम म्हणून ओहोळावर वनराई बंधारा घालण्याचें ठरलें होतें. मोहन धारिया यांनीं 1986 सालीं स्थापन केलेल्या 'वनराई' संस्थेच्या नांवानें हे बंधारे ओळखले जातात. त्यांस सिमेंट, लोखंड कांहीं लागत नाहीं. सिमेंटचीं किंवा खतांचीं रिकामीं पोतीं वाळू-मातीनें भरावयाचीं, त्यांचीं तोंडें शिवावयाचीं, आणि गवंडी विटा रचतो त्याप्रमाणें सांधे चुकवून तीं प्रवाहास आडवीं रचावयाचीं. फटींतून चिकणमाती ठासावयाची, आणि जास्तीचें पाणी वरून जावें म्हणून मधला भाग किंचित् सखल ठेवावयाचा. पाऊस संपल्यावर, पण प्रवाह आटण्यापूर्वीं हें काम झालें पाहिजे; उशीर झाला तर अडविण्यास पाणीच उरत नाहीं.

पहिल्या दिवशीं मुलांनीं मोठ्या उत्साहानें ऐंशी पोतीं रचलीं. जागा रस्त्याजवळची होती, वाळू हाताशीं होती, आणि उभें राहून छायाचित्र घेण्यासहि ती सोयीची होती. तिसऱ्या प्रहरीं पाड्यावरचा एक वृद्ध वारली काठी टेकीत आला. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. नंतर त्यानें मास्तरांस हळूच विचारलें, "गुरुजी, ही जागा तुम्हांला कोणी दाखविली?" जागा कोणीच दाखविली नव्हती, मुलांनींच ती निवडली होती. त्यावर म्हाताऱ्यानें सांगितलें कीं, येथला कातळ फुटका आहे, पाणी पोत्यांखालून निघून जाईल. वरच्या वळणावर, जेथें उंबर आहे, तेथें कातळ सलग आहे व उन्हाळ्यांतहि तेथील खड्ड्यांत खेंकडे सांपडतात.

मुलांचे चेहरे उतरले. दिवसभर वाहिलेलीं पोतीं काढून चढावरून दोनशें पावलें वर न्यावयाचीं! चौदा वर्षांचा एक संघनायक तर स्पष्टच म्हणाला, "बाबांना काय ठाऊक? आम्हीं पुस्तकांत पाहून बांधलें आहे." मास्तर त्याजवर रागावले नाहींत, किंवा त्यांनीं निवाडाहि दिला नाहीं. ते इतकेंच म्हणाले, "तूं बाबांबरोबर वर जाऊन जागा पाहून ये, आणि आल्यावर काय करावयाचें तें तूंच सांग." दोघे गेले. तिन्हीसांजेस मुलगा परतला तो कोणाशींहि न बोलतां सरळ ओहोळांत उतरला आणि त्यानें पहिलें पोतें स्वतःच्या हातांनीं ओढून काढलें. मागून सारें पथक उतरलें.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा अध्याय केवळ भूमिगत जलाच्या शोधास दिला आहे, व त्यांत जांभूळ, उंबर, वारूळ इत्यादि खुणा सांगितल्या आहेत. आम्हीं तो अध्याय तरुणपणीं वाचला होता. परंतु उंबराकडे बोट दाखवून पाणी सांगणारा माणूस प्रत्यक्ष पाहिला तो वाणगांवच्या या ओहोळावर, आणि त्यास अक्षरओळख नव्हती.

पुढचे दोन दिवस पाड्यावरील दहा-बारा स्त्रीपुरुष मुलांबरोबर राबले. हुकूम म्हाताऱ्याचा, कष्ट सर्वांचे. पंचवीस फूट रुंदीचा, तीन फूट उंचीचा बंधारा उभा राहिला. त्यास सुमारें तीनशें पोतीं लागलीं. चौथ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों पाणी गुडघ्याएवढें तुंबलें होतें. मुलांनीं आरोळी ठोकली. म्हातारा मात्र खालीं वांकून पायथ्याशीं कोठें झिरपतें काय तें तपाशीत होता.

त्या रात्रीं शेकोटी झाली. ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल आफ्रिकेंतील कुडू हरणाचें शिंग फुंकून मुलांस गोळा करीत. येथें तारपा होता. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाचें पान यांचें हें वाद्य नव्या भाताच्या दिवसांत वाजतें. वादक मध्यें उभा राहतो आणि बाकीचे हातांत हात गुंफून त्याच्याभोंवतीं फिरतात. तारप्याकडे पाठ करावयाची नाहीं असा दंडक आहे. आमचीं मुलें प्रथम बिचकलीं, मग सांखळींत शिरलीं. पाय चुकत होते, पण पाड्यावरचीं पोरें हंसत हंसत तीं पावलें त्यांस शिकवीत होतीं. चार दिवस सेवा करावयास आलेलीं मुलें त्या रात्रीं शिष्य झालीं.

या भूमीस सेवेची परंपरा नवी नाहीं. चिंचणी येथें सांपडलेल्या ताम्रपटांपैकीं एक शके 848, म्हणजे इ. स. 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्यांत संयान, म्हणजे आजचें संजाण, येथील मधुमति नांवाच्या ताजिक अधिकाऱ्याचें वर्णन आहे. मधुमति हें मुहंमद या नांवाचें संस्कृत रूप असें विद्वान् मानतात. त्यानें नद्यांवर मोफत नावा ठेविल्या, आणि भात, कालवण व तूप फुकट देणारें सत्र चालविलें. वाटसरू जेथें अडत होता तेथें नाव, जेथें भुकेजत होता तेथें अन्न! अलीकडची गोष्ट पाहूं गेल्यास, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं 1945 सालीं बोर्डीस आरंभिलेलें बालशिक्षणाचें कार्य 1957 सालीं डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर नेलें. गुरें राखावयास जाणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसल्यावर शाळाच कुरणांत नेण्यांत आली, व ती कुरणशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. या सर्वांनीं गरज कोठें आहे हें आधीं पाहिलें, मग हात चालविले.

शिबिराहून परतल्यावर ओळखीच्या घरांतून आम्हांस दोन आक्षेप ऐकावे लागले. पहिला असा कीं, पांच दिवसांत काय सेवा होणार? पहिल्या पावसाबरोबर बंधारा वाहूनच जावयाचा! आक्षेप खरा आहे. हा बंधारा एका हंगामापुरताच असतो. माघांत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां पाणी होतें, गुरें तेथें पीत होतीं. चैत्रांत ओहोळ आटला. पण बंधाऱ्यामागच्या वाळूंत हातभर खणलेल्या खड्ड्यांत पाणी झिरपत होतें, आणि तें वाटीनें हंड्यांत भरून बायका नेत होत्या. दूरची पायपीट टळली ती दीड-दोन महिने. एवढेंच फळ, याहून अधिक सांगणें अतिशयोक्ति होईल. परंतु दरवर्षीं वाहून जाणारी वस्तु दरवर्षीं घालावी लागते. तेव्हां खरा प्रश्न बंधारा टिकेल काय हा नसून पथक पुन्हां येईल काय, हा आहे.

दुसरा आक्षेप आजींचा : पोर तेथें काय खाईल, कोठें निजेल? त्यानें नाचणीची भाकरी व मिरचीचा ठेचा खाल्ला, घोंगडीवर झोंप घेतली, आणि त्यास कांहींएक झालें नाहीं. आमच्या मतें काळजीची गोष्ट निराळीच आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास आज्ञा पाळण्याची संवय असते, हें आपलें भूषण. पण ती आज्ञा आजोबांची, काकांची, म्हणजे आपल्याच माणसांची असते. ज्यास आपल्या पूर्वजांनीं ओसरीवरहि बसूं दिलें नसतें, अशा माणसाचें ज्ञान आपल्याहून अधिक आहे हें ओळखून त्याची आज्ञा मानणें, हा धडा घरांत मिळत नाहीं. भर्तृहरीनें नीतिशतकांत सेवाधर्म किती बिकट आहे हें सांगितलें तें राजाच्या चाकरीविषयीं. परंतु ज्याच्याजवळ सत्ता नाहीं त्याची सेवा त्याहून बिकट होय, कारण तेथें सेवक आपणांसच धनी समजूं लागतो.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, मुलांस बालवीरपथकांत व मुलींस वीरबालांच्या पथकांत अवश्य घालावें आणि शिबिरासहि पाठवावें. मात्र पाठविण्यापूर्वीं पथकाच्या चालकांस तीन गोष्टी विचाराव्या. हें काम हवें असें कोणी सांगितलें? तेथें गेल्यावर ऐकावयाचें कोणाचें? आणि पुन्हां केव्हां जाणार? तिन्हींचें उत्तर सरळ मिळालें तर मुलाची पिशवी आनंदानें भरून द्यावी. आमच्या पथकाच्या त्या संघनायकानें येत्या दिवाळीकरितां आतांपासूनच रिकामीं पोतीं जमविण्यास आरंभ केला आहे; त्याच्या घरच्या माडीवर साठ पोतीं घड्या घालून ठेविलेलीं आम्हीं पाहिलीं.