घट्ट पकडीचा मोह

सुटण्याची रेषा जितकी सपाट तितका प्रतिपिंड चांगला, असे मी इतकी वर्षे मानत आले की हे आपले केवळ मत आहे, याचाही मला विसर पडला होता. अॅलर्जी पेटवणाऱ्या आयजीईला धरून बसलेला प्रतिपिंड बफरच्या धारेत तासन्‌तास धुतला जातो आहे आणि पडद्यावरची रेषा खाली उतरायला तयार नाही, हे पाहताना मला आजही सुख होते. अशा काही रेषा छापून मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावल्या आहेत. प्रयोगशाळेत पाहुणे आले की त्यांची नजर तिकडे जावी असे मला वाटते. हा अभिमान आहे आणि तो अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली सांगलीची एक मुलगी आली. पुण्यात एमएस्सी, मग इथे कॅलिफोर्नियात पीएचडी. तिने आपल्या नव्या रचनांचा तक्ता माझ्यापुढे ठेवला तेव्हा पकडीचा आकडा शेवटच्या रकान्यात होता. पहिल्या रकान्यात बेसोफिल पेशी किती शांत झाल्या ते होते, दुसऱ्यात आयजीईचा दुसरा रिसेप्टर सीडी२३ किती अडला ते. मी म्हटले, रकाने उलटे लाव, आधी पकड. ती म्हणाली, "लावते, ताई. पण लिजेलिझुमॅबचा पेपर तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात वाचायला दिला होतात."

लिजेलिझुमॅब हे आयजीईविरोधी औषध आमच्या धंद्यातले मोठे दुखणे आहे. आधीपासून वापरात असलेल्या ओमॅलिझुमॅबपेक्षा ते आयजीईला पन्नास पट किंवा त्याहूनही घट्ट धरते. सुरुवातीच्या लहान चाचण्यांत ते सरस ठरले. सौम्य दम्याच्या रुग्णांना अॅलर्जन हुंगवून केलेल्या चाचणीत ठरले, आणि जुनाट पित्ताच्या गांधींवर २०१९ मध्ये आलेल्या निकालांत तर स्पष्टच. मग दोन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आला: नुसत्या पाण्याच्या सुईपेक्षा चांगले, ओमॅलिझुमॅबपेक्षा नाही. ते औषध माझे नव्हते, त्याच्या कंपनीशी माझा कधी संबंध आला नाही. तरीही तो निकाल वाचून मला आपल्याच घरातले काही गेल्यासारखे वाटले, कारण त्यामागचे गणित माझेही होते.

ते गणित असे. निरोगी माणसाच्या रक्तात आयजीजी मिलिलिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास, तर आयजीई बहुधा एका मायक्रोग्रॅमच्याही आत. इतक्या थोड्या रेणूला पकडायचे, तेही तो मास्ट पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटण्याआधी. त्या रिसेप्टरची पकड भयंकर आहे. रक्तात सुटे फिरणारे आयजीई दोन दिवसांत निम्मे होते, पण पेशीवर बसले की आठवडेच्या आठवडे टिकते. ओमॅलिझुमॅबच्या मात्रेचे लक्ष्य सुटे आयजीई मिलिलिटरला २५ नॅनोग्रॅमच्या आसपास आणणे हे होते. त्याची पकड काही नॅनोमोलरची, म्हणून आयजीईच्या पंधरावीस पट औषध रक्तात ठेवावे लागते. पकड पन्नास पट घट्ट केली की तेच लक्ष्य कमी औषधात गाठता येईल. यात चूक कुठे आहे? आकडेमोडीत तर नाहीच.

आणि मला ते गणित हवे होते, कारण ओमॅलिझुमॅबचा अमेरिकेतला मात्रेचा तक्ता माझ्या गावच्या रुग्णांना पुरत नाही. बारा वर्षांवरच्या दमेकऱ्यांसाठी तो ३० ते ७०० युनिट आयजीईपर्यंतच जातो, वजनही १५० किलोपर्यंतच. पुण्यातले छातीचे डॉक्टर असलेले माझे एक मित्र सांगतात, अॅस्परजिलस बुरशीने बिघडलेल्या दम्यात हजारांच्या आत आयजीई दिसले तर तेच नवल. जंतांचा प्रादुर्भाव असलेल्या भागांत अॅलर्जी नसलेल्या माणसाचेही आयजीई चढलेले असते. ही माणसे तक्त्याच्या बाहेर पडतात. घट्ट पकडीचा प्रतिपिंड त्यांना तक्त्यात आणील, या आशेवर मी माझी उमेदीची वर्षे घालवली. भिंतीवरच्या त्या रेषा नुसत्या शोभेच्या नव्हत्या.

तरी पकड मोजणे हीच मुळात किती निसरडी गोष्ट आहे, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि पेपर लिहिताना मात्र तो ते विसरतो. दर सेकंदाला लाखात एक जोडी सुटत असेल, तर तासाभर धुतल्यावर शंभरातल्या तीनचार जोड्या सुटणार. तेवढा तर नुसता चिपचा तळ सरकतो. म्हणून रात्रभर धुवावे लागते, शेजारची कोरी वाहिनी वजा करावी लागते, आणि तरीही सकाळी जो आकडा हाती येतो तो प्रतिपिंडाचा की यंत्राचा, हे शपथेवर सांगता येत नाही. त्यात आयजीईला दोन सारख्या बाजू आणि प्रतिपिंडाला दोन हात. चिपवर आयजीई दाट बसवले आणि वरून अख्खा प्रतिपिंड सोडला, तर एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो आणि रेषा हलतच नाही. उलटे बसवले तरी तीच गत, कारण आयजीईच दुहेरी आहे. मी प्रतिपिंडाचा एकच हात, म्हणजे फॅब, करून मोजते, चिपवर शक्य तितके विरळ बसवते, आणि २५ अंशांवर मोजलेला आकडा ३७ अंशांवर पुन्हा मोजल्याशिवाय कुणाला सांगत नाही. शरीर २५ अंशांवर नसते. २५ ला खिळल्यासारखी वाटणारी जोडी ३७ ला पाचसहा पट वेगाने सुटताना मी पाहिली आहे.

पिकोमोलरच्याही खाली गेल्याचे दावे करणारे पेपर मी आता वाचून बाजूला ठेवते. ज्यांनी अर्धा तास धुतले आणि फेम्टोमोलर लिहिले, त्यांनी काय मोजले ते त्यांनाच ठाऊक. हे कडवट वाटेल, पण आमच्या धंद्यात आकड्याला जितका मान आहे तितका तो कसा काढला याला राहिलेला नाही, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

दुसरी जुनी कसरत म्हणजे उंदराच्या प्रतिपिंडाला माणसाचे करणे. जेनेन्टेकमध्ये लेनर्ड प्रेस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या एमएई११ या प्रतिपिंडाचे मानवीकरण १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातूनच पुढे ओमॅलिझुमॅब आले, आणि जून २००३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तो पेपर मी अजूनही नव्या मुलांना देते. आयजीईला धरणारे लूप उचलून मानवी सांगाड्यावर कलम करणे हा त्यातला सोपा भाग. लूपच्या पोटाखाली दडलेली चारदोन अमिनो आम्ले, ज्यांना फूट आणि विंटर यांनी १९९२ मध्ये व्हर्नियर क्षेत्र म्हटले, त्यांतले कोणते उंदराचे ठेवायचे आणि कोणते माणसाचे घ्यायचे, हा खरा भाग. रीजेनरॉन कंपनीने उंदरातच माणसाची जनुके बसवून हा प्रश्नच मिटवला. डुपिलुमॅब त्या वाटेने आले आणि २०१७ पासून एक्झिमाच्या रुग्णांना मिळू लागले. आता संगणक सरळ नवीन लूप रचून देतो. ते सगळे चांगले आहे, रुग्णाला औषध मिळाले म्हणजे झाले. पण एका घराण्याची गायकी शिकलेल्या माणसाला दुसऱ्या घराण्याचा तयार स्वर ऐकून जे वाटते, ते मला वाटते. तो स्वर तिथपर्यंत कसा पोहोचला हे आम्हाला माहीत होते. त्यांना ते शिकायची गरज पडली नाही.

याहून मोठी तक्रार शेंगदाण्याची आहे. टॅनॉक्स कंपनीचा टीएनएक्स-९०१ हा आयजीईविरोधी प्रतिपिंड शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेल्यांना देऊन पाहिला होता. २००३ मध्ये त्याचे निकाल छापून आले: सर्वांत मोठ्या मात्रेवर सहन होणारे प्रमाण सरासरी अर्ध्या दाण्यावरून जवळजवळ नऊ दाण्यांपर्यंत गेले. चुकून खाल्लेल्या एखाद्या घासाने मूल दगावणार नाही, इतके ते पुरेसे होते. कंपन्यांच्या आपसातल्या करारांत ते औषध पुढे गेले नाही. ओमॅलिझुमॅबला अन्नाच्या अॅलर्जीसाठी मान्यता मिळाली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या एकवीस वर्षांत किती घरांतल्या मुलांनी शाळेत डबा एकट्याने खाल्ला असेल, याचा विचार मी टाळत नाही. प्रतिपिंड होता, गुण होता, आणि तरी तो रुग्णापर्यंत पोहोचायला एक पिढी गेली.

पुन्हा पकडीकडे येते, कारण त्या मुलीने मला तिथेच अडवले आहे. २०२० मध्ये लिजेलिझुमॅब आणि ओमॅलिझुमॅबची शेजारीशेजारी तुलना प्रसिद्ध झाली. लिजेलिझुमॅब मास्ट पेशीवरच्या रिसेप्टरपासून आयजीईला जास्त चांगले दूर ठेवते. पण आयजीईला धरणारा दुसरा एक रिसेप्टर आहे, सीडी२३. त्याला ओमॅलिझुमॅब जास्त चांगले अडवते. बी पेशींवर असणारा हा सीडी२३ श्वासमार्गाच्या अस्तरातून आयजीईसकट अॅलर्जन आत नेऊ शकतो. म्हणजे दोन्ही औषधे आयजीईच्या एकाच भागाभोवती बसतात, पण वेगळ्या कोनातून. आयजीईचा खालचा भाग दुमडलेला असतो, हे ब्रायन सटन यांच्या गटाने लंडनच्या किंग्ज कॉलेजात २००२ मध्ये दाखवले. प्रतिपिंड त्याला धरताना किती उलगडतो, कुठल्या वळणावर थांबवतो, यावर त्याला पुढे कोण हात लावू शकेल हे ठरते. माझ्या रेषेत यातले काहीच दिसत नाही. रेषा फक्त एवढेच सांगते की सोडले नाही.

ओमॅलिझुमॅबचेच पाहा. त्याने धरलेले आयजीई शरीरातून हळू जाते, म्हणून उपचार सुरू झाल्यावर रक्तातले एकूण आयजीई वाढलेले दिसते. ते पाहून रुग्ण घाबरतो. डॉक्टरांना त्या आकड्यावरून मात्रा बदलू नका असे सांगावे लागते. खरा बदल दुसरीकडे होतो. सुटे आयजीई कमी झाले की बेसोफिल पेशी आपले रिसेप्टरच काढून घेऊ लागतात. जॉन्स हॉपकिन्समध्ये मोजले तेव्हा तीन महिन्यांत एका पेशीवरचे सुमारे २,२०,००० रिसेप्टर ८,३०० वर आले होते. हे १९९७ चे मोजमाप. मला ते पाठ आहे, वर्गात मी ते फळ्यावर लिहीत असे. आणि तरी प्रतिपिंड निवडताना मी पेशीकडे शेवटी पाहत असे. पेशीचा प्रयोग त्रासाचा असतो. पांढऱ्या पेशींत बेसोफिल शेकड्याला एखादी, रक्त ताजे लागते, आणि एका दात्याच्या पेशी दुसऱ्यासारख्या वागत नाहीत. चिप रोज सारखी वागते. मला रोज सारखे वागणारे आवडत गेले.

त्या मुलीच्या तक्त्यात जो पहिला आहे त्याची पकड ३७ अंशांवर मध्यम आहे. मी तो पहिल्या फेरीतच वगळला असता. पण तो दोन्ही रिसेप्टर अडवतो, आणि निरनिराळ्या दात्यांच्या पेशींवर तसेच अडवतो. मला त्याच्यात दिसते ती दुसरी अडचण: हलक्या साखळीच्या पहिल्या लूपमध्ये अॅस्पार्टेटच्या मागोमाग ग्लायसीन. हे जोडपे साठवणीत बिघडते, अॅस्पार्टेटची घडी बदलते. ओमॅलिझुमॅबमध्येही नेमके हेच आहे. ३२ व्या जागेवरचा अॅस्पार्टेट असा बदलतो आणि पकड सैल होते, हे १९९६ मध्येच छापून आले आहे. ती जागा बाजारातल्या औषधात आजही आहे, कारण पकडीचा भार त्याच लूपवर आहे. आम्ही जी जागा बदलायला धजत नाही, तीच सर्वांत आधी म्हातारी होते.

तिचा उमेदवार साठवणीत किती टिकतो ते पाहायला ४० अंशांच्या कपाटात ठेवण्यास मी होकार दिला आहे. ग्लायसीनचे काय करायचे यावर मात्र आमचे जुळलेले नाही. ती म्हणते, ग्लायसीनच्या जागी अॅलनीन घालू, बिघाड मंदावेल. मी म्हणते, त्या वळणावर ग्लायसीनच बसते, अॅलनीनने लूप सरळ होईल आणि ज्या कोनामुळे सीडी२३ अडतो तो कोनच जाईल. ती म्हणते, करून पाहिल्याशिवाय कसे कळणार? दोन्ही रचनांचे डीएनए मागवले आहे.