हुंडणावळ आणि डॉलरचे बिल

जुन्या पेढ्यांच्या व्यवहारात ‘हुंडणावळ’ हा शब्द रोजच्या वापरातला होता. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोचवायचा तर हुंडी करावी लागे आणि त्या हुंडीपोटी जे मोल मोजावे लागे ती हुंडणावळ. एका चलनाचे नाणे दुसऱ्या चलनात मोडताना सराफ जे कापून घेई तो बट्टा. मालाचा भाव वेगळा आणि पैसा पोचवण्याचा खर्च वेगळा, हे व्यापारी घरातल्या मुलाला वजाबाकीबरोबरच शिकवले जाई. दोन्ही रकमा एकत्र लिहिल्या तर नफा नेमका कुठे गळतो ते कळत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

आज हुंडी इतिहासजमा झाली आहे. हुंडणावळ मात्र नाव बदलून घराघरात आली आहे. संगणकावरची एखादी परदेशी सेवा घेतली, मुलाच्या परीक्षेचे शुल्क डॉलरमध्ये भरले, की क्रेडिट कार्डाच्या मासिक विवरणात तिची ओळ उमटते. ती बारीक अक्षरातली ओळ कोणी वाचत नाही आणि न वाचल्यामुळे कधीकधी पैशापेक्षा मोठी हानी होते.

इचलकरंजीच्या एका कुटुंबात असेच घडले. घर कापडाच्या व्यापारातले. धाकटी सून शिकलेली, हाताने कुशल. साड्या-ब्लाउजवरच्या यंत्रभरतकामाची नक्षी संगणकावर तयार करून ती परिसरातील शिवणकाम व्यावसायिकांना देई. या कामासाठी लागणारी संगणकप्रणाली एका परदेशी कंपनीची होती आणि तिचे भाडे दरमहा ५० डॉलर. सुनेने घरात तसेच सांगितले होते. डॉलरचा भाव सोयीसाठी ८५ रुपये धरला तर महिन्याला ४,२५० रुपये. कार्ड पतीच्या नावाचे आणि त्याचे बिल दुकानाच्या खात्यातून भरले जाई.

प्रत्यक्षात विवरणात दरमहा ५,२०० च्या पुढची रक्कम दिसू लागली. एखाद्या महिन्यात तर ५,३०० च्याही पुढची. थोरल्या दिरांनी एकदा सहज म्हणून विचारले, “आणखी काही मागवलं होतं का?” प्रश्न साधा होता, पण तो तीन महिने दर महिन्याला आला. सुनेला उत्तर देता येईना, कारण तिलाही ते ठाऊक नव्हते. जाऊबाईंच्या बोलण्यातला सूर बदलला. अखेर तिने पतीला सांगितले, की हे काम बंद करावे. हजार रुपयांसाठी घरात मान खाली घालून वावरणे तिला जमणार नाही.

हे सासऱ्यांच्या कानी गेले. त्यांनी चाळीस वर्षे स्वतःच्या हाताने दुकानाची कीर्द लिहिलेली. त्यांनी कोणालाच काही विचारले नाही. रविवारी सकाळी सुनेला बोलावले आणि म्हणाले, “बाळ, सगळी बिलं आणि कार्डाचे सगळे कागद घेऊन ये. आपण खतावणी करू.”

ती संकोचली. “मामा, मी दुसरं काहीच घेतलेलं नाही.”

“ते मला माहीत आहे. पण मला माहीत असून भागत नाही, कागदावर दिसलं पाहिजे.”

त्या दोन तासांत जे कागदावर उतरले, ते परदेशी सेवांचे पैसे भरणाऱ्या प्रत्येक घराने समजून घेण्याजोगे आहे.

पहिली उकल कंपनीच्या बिलातच होती. जाहिरातीतला भाव ५० डॉलर. परंतु जीएसटी नोंदणी नसलेल्या भारतीय ग्राहकाला अशी ऑनलाइन सेवा विकणारा परदेशी पुरवठादार त्यावर १८ टक्के जीएसटी आकारतो. म्हणजे ९ डॉलर वाढले आणि बिल ५९ डॉलरचे झाले. रुपयांत हे वाढीव ७६५. हा सरकारी कर आहे. बँकेचा त्याच्याशी संबंध नाही आणि तो टाळण्याचा विचारही करू नये.

दुसरी उकल कार्डाच्या विवरणात होती. परकीय चलनातील प्रत्येक व्यवहारावर बँक एक अधिभार घेते. त्याला ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ म्हणतात. आपल्याकडील बहुसंख्य कार्डांवर तो ३.५ टक्क्यांच्या आसपास असतो. शिवाय या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ टक्के हे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात. ५९ डॉलरचे ५,०१५ रुपये. त्यावर अधिभार आणि कर मिळून २०७ रुपये. ४,२५० अधिक ७६५ अधिक २०७, एकूण ५,२२२. दोन महिन्यांच्या विवरणातली रक्कम अशी रुपया-दोन रुपयांच्या फरकाने जुळली. उरलेला फरक विनिमय दराचा होता. बिल ज्या दिवशी होते त्या दिवशीचा वर्तमानपत्रातला दर कार्डाला लागत नाही. कार्डाच्या जाळ्याचा स्वतःचा दर असतो आणि व्यवहार बँकेकडे पोचून नोंदला जातो त्या दिवशीचा तो लागतो.

तिसरा महिना मात्र जुळेना. रक्कम ५,३२८ रुपये होती. तेव्हा सुनेला आठवले, की त्या वेळी पैसे भरताना पडद्यावर ‘डॉलरमध्ये भरा’ किंवा ‘रुपयांत भरा’ असे दोन पर्याय आले होते. रुपया आपला, म्हणून तिने रुपया निवडला. नेमका तोच पर्याय महाग ठरला. अशा वेळी चलनाची मोड आपली बँक करत नाही. विक्रेत्याच्या बाजूची मध्यस्थ कंपनी स्वतःच्या दराने ती करते आणि त्या दरात आपला नफा मिसळते. या व्यवहारात तो जवळजवळ ५ टक्के निघाला, म्हणजे ५,०१५ चे ५,२६६ झाले. त्यावर कहर असा, की विक्रेता परदेशात नोंदलेला असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही कित्येक बँका शुल्क घेतात. येथे ते १ टक्का अधिक जीएसटी, म्हणजे ६२ रुपये होते. एकाच व्यवहारात दोनदा बट्टा गेला.

सासऱ्यांनी हिशेब पुरा करून खाली रेघ ओढली. घराच्या संशयाचे कारण असलेल्या ९७२ रुपयांपैकी ७६५ सरकारच्या तिजोरीत गेले होते आणि २०७ बँकेकडे. सुनेच्या हाती त्यातला एक पैसाही नव्हता. तो कागद त्यांनी जेवणाच्या वेळी थोरल्या मुलापुढे ठेवला आणि एवढेच म्हणाले, “प्रश्न विचारलास ते बरोबरच. पण उत्तर शोधायला बसायलाही हवं होतंस.” दिरांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवसापासून त्या बिलासाठी दुकानाच्या वहीत स्वतंत्र खाते उघडले गेले आणि काम बंद करण्याची भाषा थांबली.

यानंतरचा प्रश्न २०७ रुपयांचा. वर्षाचे ते सुमारे २,४८५ होतात. ही रक्कम सरळ मार्गाने वाचवता येते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या कंपनीची भारतातील शाखा रुपयांत बिल देते का, ते पाहणे. तसे असेल तर व्यवहार देशांतर्गत ठरतो आणि चलनबदलाचा प्रश्नच उरत नाही. मात्र पडद्यावर ‘₹’ चिन्ह दिसले म्हणजे विक्रेता भारतीय, असे समजू नये. पहिल्या महिन्याचे विवरण वाचून खात्री करावी. रुपयांत बिल नसेल, तर बिल ज्या चलनात आहे त्याच चलनात पैसे द्यावेत आणि विक्रेत्याने देऊ केलेले रूपांतर नाकारावे.

त्यानंतर कार्डाचा विचार. काही बँका २ टक्के किंवा त्याहून कमी अधिभाराची कार्डे देतात, काही कार्डांवर तो शून्यही असतो. बँकेच्या शुल्कपत्रकात हा आकडा छापलेला असतो. तो विचारून, लेखी पाहून घ्यावा. पण केवळ अधिभार पाहून भागत नाही, वार्षिक शुल्कही मांडावे लागते. या घराच्या हिशेबात २ टक्क्यांच्या कार्डाने वर्षाला सुमारे १,०६५ रुपये वाचत होते. शून्य अधिभाराच्या कार्डाला ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावरचा कर धरूनही सुमारे १,८९५ वाचत होते. ज्याचे वर्षभराचे बिल पाच-सहा हजारच आहे, त्याने मात्र केवळ यासाठी नवे कार्ड घेऊ नये. बक्षीस गुणांच्या मोहातही पडू नये. शेकडा चार देऊन शेकडा एक परत मिळवणे हा व्यापार नव्हे.

परकीय चलनाचे आधी भरून ठेवण्याचे कार्ड प्रवासात उपयोगी पडते. दरमहाच्या छोट्या बिलासाठी ते घेण्यापूर्वी कार्ड देण्याचे आणि पैसे भरण्याचे शुल्क मोजावे. कार्डात डॉलर आणि बिल युरोत असेल तर पुन्हा वेगळे शुल्क लागते.

मोठ्या रकमेचे गणित उलटे असते. शिक्षणशुल्काचे ५,००० डॉलर, म्हणजे ४,२५,००० रुपये, ३.५ टक्क्यांच्या कार्डाने भरले तर १७,५५० रुपयांहून अधिक अधिभार जातो. तेच बँकेतून परदेशी रवाना केले तर पाठवणीचे ठरावीक शुल्क, दरातील फरक आणि चलनबदलावरचा जीएसटी लागतो. या रकमेवर तो जीएसटी ४७२ रुपये ५० पैसे येतो. दरातला फरक १ टक्का धरला तरी ४,२५० रुपये. येथे दर विचारून घासाघीस करता येते. वाटेतल्या बँकेचे शुल्क कोण सोसणार, हेही अर्जावर स्पष्ट लिहावे. नाहीतर विद्यापीठाला रक्कम कमी पोचते आणि मुलाचा प्रवेश अडतो.

याच घरात एक सूचना अशीही आली, की अमेरिकेत असलेल्या पुतण्याने तिकडे डॉलर भरावेत आणि इकडे त्याच्या आईला रुपये द्यावेत. बँकेचा खर्चच नको. वरवर हे सोयीचे आणि घरगुती वाटते. सासऱ्यांनी ते तत्काळ नाकारले. तिकडच्या डॉलरची भरपाई इकडे रुपयांनी करणे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ च्या चौकटीत बसत नाही. खोटा देश किंवा खोटा पत्ता देऊन स्वस्त भाव मिळवणेही तसेच. शुल्क वाचवणे ही काटकसर आहे. नियम चुकवून वाचवणे ही काटकसर नव्हे.

सुरक्षेचाही विचार हवा. परदेशी संकेतस्थळांवर बऱ्याचदा ओटीपी विचारला जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमांमुळे कार्डाची परदेशी वापराची सोय हवी तेव्हा सुरू वा बंद करता येते आणि मर्यादाही घालता येते. सुनेने ती मर्यादा बिलापेक्षा किंचित अधिक ठेवली. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नोंदलेल्या आवर्ती वसुलीपूर्वी २४ तास सूचना येते. ती वाचावी, न वापरलेली सेवा बंद करण्याची ती उत्तम वेळ. आणि सेवा रद्द करून परतावा आला, तरी तो त्या दिवशीच्या दराने येतो आणि आधी कापलेला अधिभार बहुधा परत मिळत नाही. म्हणून घेण्यापूर्वीच विचार करावा.

ज्या घरात पैसा एकाचा आणि खर्च दुसऱ्याच्या हातून होतो, तिथे न समजलेला प्रत्येक आकडा कोणाच्या तरी प्रामाणिकपणावर येऊन थांबतो. सुनेला, मुलाला किंवा वृद्ध आईवडिलांना असा जाब देण्याची वेळ येण्यापूर्वी महिन्यातून एकदा विवरण सर्वांसमोर वाचले जावे. त्याला पंधरा मिनिटे पुरतात.