खांडसमार्गे ब्राझील

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात सध्या भारताच्या जोडीला ब्राझील आहे ना? तुलना करा, कारणे द्या, नकाशात दाखवा! तुमच्यापैकी कितीजण त्या ब्राझीलवर वैतागलेले असतील याची मला कल्पना आहे. आमच्या वेळी तो परीक्षेला इतका नव्हता. बहुधा म्हणूनच आम्हांला तो फार आवडायचा.

आम्ही म्हणजे चौघं. नेरुळला सिडकोच्या एकाच वसाहतीत राहणारे. खरी नावं छापली तर तिघं माझ्याशी बोलणं सोडतील, म्हणून टोपणनावांवरच भागवतो. पेले आमच्यात मोठा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आणि ठार फुटबॉलवेडा. नकाशाकडे त्याच्या काकांनी दिलेला एक जाडजूड अ‍ॅटलास होता, तो उशाशी घेऊन झोपायचा. बटाट्याला बटाट्या का म्हणत, हे त्याला कर्जत स्टेशनात नेलं की कळायचं. आणि चौथा मी, अकरावीतला, सगळ्यांत जास्त बोलणारा.

नकाशाच्या अ‍ॅटलासमध्ये दक्षिण अमेरिकेच्या पानावर आम्ही लाल पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. अ‍ॅमेझॉनच्या काठच्या मानौसहून निघायचं, बोटीनं पेरू देशातल्या इक्विटोसला जायचं (इक्विटोस चांगलं मोठं शहर आहे, पण बाकीच्या देशातून तिथं एकही रस्ता जात नाही. बोट नाहीतर विमान!), मग अँडीज पर्वत चढून कुझ्को आणि शेवटी बोलिव्हियातलं ला पाझ. खाऊच्या पैशांतून महिन्याला किती उरतात याचा हिशेब नकाशानं केला होता. त्याप्रमाणे वयाच्या एकशे बाराव्या वर्षी आम्ही निघणार होतो.

आणि मग आली 12 जुलै 1998ची रात्र. फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, फ्रान्स विरुद्ध ब्राझील. आपल्याकडे साडेबारा वाजून गेले होते. पेलेच्या घरी आवाज अगदी बारीक करून आम्ही टीव्हीसमोर बसलो. झिदाननं डोक्यानं दोन गोल केले, शेवटी तिसराही झाला आणि ब्राझील 3-0 असा हरला. पेले उशीत तोंड खुपसून पडला. पण दोन दिवसांनी त्याचा चेहरा जरा उजळला. म्हणाला, "संघ हरला. जंगल कुठं हरलंय? शनिवारी भीमाशंकर!"

आता तुम्ही म्हणाल, कुठं अ‍ॅमेझॉन आणि कुठं भीमाशंकर! आम्हीही हसलो. पण नकाशानं आकडे काढले. मानौसला वर्षाला साधारण सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या मुंबईतही जवळजवळ तेवढाच. फरक इतकाच की तिथं तो कमीजास्त प्रमाणात वर्षभर येत राहतो आणि आपल्याकडे चार महिन्यांत सगळा ओतून मोकळा होतो. भीमाशंकरला तर याहून जास्त. म्हणजे जुलै महिन्यापुरते तरी आपण ब्राझीलला भारी होतो!

तर शनिवारी पहाटे नेरुळहून कुर्ला, कुर्ल्याला गाडी बदलून कर्जत. बटाट्यानं तिथं चार वडे खाल्ले आणि पाचवा खिशात ठेवला. कर्जतहून एस.टी.नं खांडस. श्रावण लागायला अजून पाच-सहा दिवस होते, त्यामुळे यात्रेकरूंची गर्दी नव्हती. गावाच्या पुढं एक पूल लागतो. तिथून भीमाशंकरला जायच्या दोन वाटा फुटतात. गणेश घाटाची वाट लांबची, पण सोपी. दुसरी शिडी घाटाची. जवळची, पण कड्यावरून जाणारी आणि मध्ये लोखंडी शिड्या असलेली.

"गणेश घाटानं जाऊ या ना," बटाट्या हळूच म्हणाला.

पेले आधी एकदा आला होता, तोही गणेश घाटानंच. तो थांबला असता. पण मी कशाला ऐकतोय! "अ‍ॅमेझॉनला निघालेली माणसं आणि शिडीला घाबरतात? तू जा हवं तर आजीबाईंच्या वाटेनं!" असं मी म्हणालो, आणि वर मोठ्यानं हसलो. मग पेले आणि नकाशाही हसले. बटाट्या काही बोलला नाही. निघाला आमच्या मागं.

पहिली शिडी आम्ही पार केली. पाऊस वाढला होता. दुसऱ्या शिडीशी पोचेपर्यंत खडकावरून पाणी असं वाहत होतं, की शिडी कुठं आणि धबधबा कुठं ते कळेना. मी वर गेलो, नकाशा आला, पेले आला. बटाट्या अर्ध्यावर आला आणि थांबला. दोन्ही हातांनी गज आवळलेला, कपाळ लोखंडाला टेकवलेलं. एका बाजूला दरी. ती धुक्यानं भरलेली होती म्हणून दिसत नव्हती, एवढंच.

"चल ना रे!" मी ओरडलो. "एवढं काय त्यात!"

तो हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पेलेनं खाली उतरायचा प्रयत्न केला, पण त्याचाच पाय सटकला. तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला. तेव्हा मोबाईल नव्हते आमच्याकडे. आणि असते तरी फोन करून सांगणार काय, आणि कुणाला?

तेवढ्यात खालून एक माणूस आला. डोक्यावर इरलं, पायात काही नाही. वरच्या पदरवाडीचा होता. त्यानं इरलं खडकाला टेकवून ठेवलं आणि शिडी चढून बटाट्याच्या बरोबर मागं येऊन उभा राहिला, त्याला दोन्ही हातांच्या मध्ये घेऊन. "खाली नको बघू पोरा. मी हाय मागं. हां, ह्यो पाय सोड. वर ठेव. आता दुसरा." एकेक पाय तो स्वतःच्या हातानं उचलून पायरीवर ठेवत होता. शिडी संपायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.

वर आल्यावर तो बाबा आमच्याकडे वळला. "पावसाची ही वाट धरली कुनी?"

मी पायाकडे बघायला लागलो. आणि बटाट्या, ज्याचे दात अजून थंडीनं आणि भीतीनं वाजत होते, तो म्हणाला, "आम्ही सगळ्यांनीच ठरवलं."

पदरवाडीत त्या बाबांच्या घरी आम्ही गुळाचा चहा प्यायलो. पैसे त्यांनी घेतले नाहीत. (पावसाळ्यात शिडी घाटात अपघात झालेले आहेत. तुम्ही गेलात तर मोठ्या माणसांना घेऊन आणि गणेश घाटानं जा.)

तिथून पुढं लागलं ते खरं जंगल. भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखा अंधार. जांभळीचे, अंजनीचे, हिरड्याचे खोड न् खोड शेवाळानं मढलेलं. फांद्यांवर नेचे आणि आमरी उगवलेल्या, म्हणजे झाडावर आणखी एक बाग! पाऊस थांबला तरी पानांवरून पडतच होता. एरवी मी किती बडबडलो असतो. पण बटाट्या माझ्यापासून चार हात लांब चालत होता आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

संध्याकाळी देवळाशी पोचलो. भीमा नदीचा उगम इथलाच. नकाशानं भिजलेली वही काढली आणि एकदम ओरडला, "अरे, ही तर अ‍ॅमेझॉनसारखीच वेडी आहे!" बघा तुम्हीही नकाशात. भीमाशंकरहून अरबी समुद्र किती जवळ! पण भीमा तिकडं पाठ फिरवून पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी थेट बंगालच्या उपसागरात पोचतं. अ‍ॅमेझॉनचे उगमही तसेच, पेरूच्या डोंगरांत, प्रशांत महासागरापासून फार लांब नाहीत. पण ती सगळा खंड आडवा पार करून अटलांटिकला जाते. दोघींनाही पाठीमागचा डोंगर आडवा आला, म्हणून हा लांबचा प्रवास!

रात्री एका धर्मशाळेत पथारी पसरली. मला झोप येत नव्हती. बाहेर आलो तर बटाट्या एकटाच काळोखात बसलेला. मी विजेरी पेटवली.

"बंद कर ती," तो म्हणाला. "आणि समोर बघ."

आधी काहीच दिसलं नाही. मग डोळे सरावले. समोर पडलेलं एक कुजकं लाकूड उजळत होतं. अगदी मंद, हिरवट, घड्याळाचे काटे अंधारात दिसतात तसं. भर पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावर एक प्रकारची बुरशी वाढते, तिचा तो उजेड. भीमाशंकरच्या जंगलात ती अजूनही दिसते. आम्ही दोघं कितीतरी वेळ तिथं बसून राहिलो. 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द म्हणायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हणालो, "भारी आहे रे." बस्स, एवढंच.

सकाळी शेकरू दिसलं. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी. तपकिरी-तांबूस, शेपटीसकट जवळजवळ तीन फूट लांब. या जंगलाला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो मुख्यतः याच्यासाठी. एका झाडावरून दुसऱ्यावर अशी काही झेप घेतली की पेले म्हणाला, "हा हवा होता आपल्या संघात!"

जंगल झालं, आता डोंगरावरची शहरं. एस.टी. घोडेगाववरून मंचरला उतरली. आसपास बटाट्याची शेतं, बाजारात बटाट्याच्या गोणी. आणि बटाटा मूळचा कुठला? अँडीजचा! पोर्तुगीजांबरोबर तो इकडं आला, नावही त्यांच्याकडूनच मिळालं. पुढं नारायणगाव. तिथला टोमॅटोचा बाजार आज नावाजलेला आहे, आणि टोमॅटोचे रानटी भाऊबंदही अँडीजच्याच उतारांवर सापडतात. शेंगदाणे तिकडचे, मिरची अमेरिका खंडातली. काजू आणि अननस तर नावासकट आले, ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून. (तूप नव्हे, तुपी!) कर्जतचा वडा आपण ज्याला आपला म्हणतो, त्यातला बटाटा आणि मिरची काढून टाका बरं. काय उरतं?

जुन्नरला शिवनेरीखाली चहा घेतला. कोकणातून नाणेघाटाच्या दगडी पायऱ्या चढून व्यापारी या जुन्नरला यायचे, सातवाहनांच्या काळापासून, म्हणजे दोन हजार वर्षं. कुझ्कोलाही तसंच. इंका लोकांकडे घोडा नव्हता, चाकाची गाडी नव्हती, पण डोंगरातून बांधलेल्या दगडी वाटा सगळ्या त्या शहराला येऊन मिळायच्या. मग माळशेज घाट उतरून कल्याण, आणि रात्री घरी. आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

लाल रेघेवर आमच्यापैकी एकच जण पोचला. बटाट्या! 2019 साली कामासाठी पेरूला गेला आणि काम झाल्यावर तिथल्या सोबत्यांबरोबर कुझ्कोला. तिथून मला फोन केला. धापा टाकत होता. कुझ्को समुद्रसपाटीपासून 3400 मीटरवर आहे. दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी ते वरच उरतं. पाच पावलं चाललं की थांबावं लागतं म्हणाला. बाजारात जांभळे, काळे, लाल असे इतक्या जातींचे बटाटे पाहिले की नाव सार्थकी लागलं म्हणाला.

"आणि माचू पिचू?"

"पाहिलं ना. त्याच्या मागं एक सुळका आहे, वायना पिचू. उभ्या पायऱ्या, शिडीसारख्या. बाकीचे गेले चढून. मी सांगून टाकलं, मला भीती वाटते, मी खाली थांबतो."

"मग?"

"मग काय? एकजण माझ्यासोबत थांबला."

थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. मग एकवीस वर्षं घशात अडकलेले ते दोन शब्द मी म्हणून टाकले.

"काय?" तिकडून आवाज आला. "आवाज तुटतोय रे. परत बोल."

मी परत बोललो. पण मला अजून संशय आहे, आवाज अजिबात तुटत नव्हता.